काडीवरची जत्रा आणि बिनशिंगाची गाय

पहिला दिवस, शुक्रवार

दर ऑगस्टात वऱ्हाडीचा फोन येतो. ‘सातारकर, जत्रेले येतं का बे?’ आणि दर ऑगस्टात मी काहीतरी कारण काढतो. रिलीज आहे, पोरांची शाळा सुरू होतेय, गाडीचे टायर गेलेत. हॉस्टेलात एका खोलीत चार वर्षं काढली तेव्हा चिकटलेली ही नावं, वऱ्हाडी आणि सातारकर. आईबापांनी ठेवलेली नावं आम्हाला फक्त पासपोर्टवर दिसतात. तो गेली बारा वर्षं मिनेसोटातल्या सेंट पॉलला आहे, मी शिकागोच्या उपनगरात. मध्ये अख्खं विस्कॉन्सिन.

खरं कारण वेगळंच होतं. मला त्याच्या जत्रेचं, म्हणजे मिनेसोटा स्टेट फेअरचं, कौतुक नव्हतं. माझ्या लेखी जत्रा एकच, पुसेगावची. सेवागिरी महाराजांचा रथ, रथाला नोटांच्या माळा, आणि पलीकडे मैलभर पसरलेला खिलार बैलांचा बाजार. आबांच्या मागे मागे त्या बाजारात हिंडण्यात माझे डिसेंबर गेले. त्यापुढे अमेरिकेतले पाळणे आणि तळलेले पदार्थ काय बघायचे? पण यंदा कारण सुचलं नाही.

दुपारी दीडला निघालो. विस्कॉन्सिनात रस्त्याच्या दोन्ही अंगाला मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका. अधूनमधून लाल रंगाचा गोठा. हडसनला सेंट क्रॉय नदी ओलांडली की मिनेसोटा लागतं. रात्री साडेआठला पोहोचलो. वहिनींनी ज्वारीची भाकरी, झुणका आणि ठेचा केला होता. ‘उद्या दिवसभर तळलेलंच खायचंय, भावजी, आज पोटाला जरा बरं खा,’ म्हणाल्या. त्या स्वतः येणार नव्हत्या. मागच्या वर्षी नऊ तास चालून त्यांचे गुडघे आठवडाभर बोलत होते.

दुसरा दिवस, शनिवार

सकाळी निघताना वऱ्हाडीने बॉम्ब टाकला. तो शनिवार पाळतो.

‘मग शनिवारी कशाला ठेवलंस?’

‘रविवारी गर्दी असते बे.’

गर्दी शनिवारीही होती. लोक लांबच्या मैदानात गाड्या लावून फुकटच्या बसने जत्रेला येतात. आमच्या वाट्याला पिवळी शाळेची बस आली. गुडघे हनुवटीला लावून दोन मध्यमवयीन माणसं बसली होती. आजूबाजूचे सगळे घरून ठरवून आलेले. कुणाच्या हातात नकाशा, कुणी आधी काय खायचं याची यादी वहीत लिहून आणलेली. पंढरीला निघालेल्या दिंडीला जसा क्रम पाठ असतो, तसं यांना पाठ होतं.

मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या मध्ये फाल्कन हाइट्स म्हणून गाव आहे, तिथे ३२२ एकरांवर ही जत्रा भरते. पहिली भरली १८५९ साली. या जागेवर ती १८८५ पासून आहे. त्याआधी इथे काउंटीची निराधारांसाठीची शेती होती. ऑगस्टच्या अखेरीस एका गुरुवारी सुरू होते आणि लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरातल्या पहिल्या, सोमवारी संपते, बारा दिवस. २०१९ साली या बारा दिवसांत २१ लाख २६ हजार लोक येऊन गेले, तो आजवरचा उच्चांक. एकूण आकड्यात टेक्सासची जत्रा पुढे, पण ती २४ दिवस चालते, त्यामुळे रोजच्या गर्दीत आम्हीच पहिले, असं वऱ्हाडी म्हणाला. ‘आम्ही’! अमरावतीच्या माणसाच्या तोंडून मिनेसोटाबद्दल आम्ही ऐकून मला गंमत वाटली. पण पुढे दिवसभर तो असंच बोलत होता, म्हणून सोडून दिलं.

आधी खाण्याचं सांगतो, कारण तिथे गेल्या गेल्या वासच पहिला धरतो. गरम तेल, त्यात साखर, त्यात मक्याचं पीठ. सगळं काडीवर. सॉसेज काडीवर, लोणच्याची काकडी काडीवर, चीजकेक काडीवर. ‘इथं काडीवर नाही असं फक्त पाणी,’ वऱ्हाडी म्हणाला. त्यातला मानाचा गणपती म्हणजे प्रॉन्टो पप, १९४७ पासून या जत्रेत आहे. काडीला टोचलेलं सॉसेज पिठात बुडवून तळायचं, वर मोहरीच्या सॉसचा एक ओघळ. मी एक खाल्लं. आपल्याकडच्या भजीच्या पिठात तिखट असतं, हळद असते, ओवा असतो. हे पीठ बिचारं गोडसर आणि गप्प. पण गरम होतं आणि मला भूक होती. वऱ्हाडी मान फिरवून उभा राहिला, मारुतीला दिसू नये म्हणून.

त्याच्यासाठी चीज कर्ड घेतले. चीज बनवताना दूध फाटून जे ताजे गोळे होतात, त्यांना पीठ लावून तळतात. न तळलेले, अगदी ताजे खाल्ले तर दातांखाली चक्क कुंई कुंई आवाज करतात, नव्या कोल्हापुरी वहाणेसारखा. तळलेले आवाज करत नाहीत, नुसते लांब लांब तारा सोडतात. ‘पिठात अंडं असेल का रे?’ मी सहज विचारलं. त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि मग तिसरा गोळा तोंडात टाकला.

कणीस मात्र लाजवाब. पानं मागे ओढून त्यांचीच मूठ करतात, निखाऱ्यावर भाजलेलं कणीस वितळलेल्या लोण्याच्या डब्यात बुडवून हातात देतात. कोपरापर्यंत लोणी आलं. लिंबू आणि तिखटाची आठवण झाली, पण पहिल्या दाण्यानंतर विसरलो. मक्याच्या राज्यात मका खायचा तो असा, तोडल्यावर शिळा व्हायच्या आत.

डेअरीच्या इमारतीत एक काचेची खोली आहे आणि ती हळूहळू गोल फिरते. आत फ्रिजइतकी थंडी, आणि त्या थंडीत जाड कोट, टोपी घालून एक मुलगी बसलेली. समोर ९० पौंडांचा, म्हणजे चाळीस किलोंहून जास्त, लोण्याचा ठोकळा. शिल्पकार सुरी घेऊन त्यातून तिचं डोकं कोरतोय. बाहेर आम्ही घामाघूम. दरवर्षी राज्यातल्या दूधउत्पादक कुटुंबांतल्या मुलींमधून एकीला ‘प्रिन्सेस के ऑफ द मिल्की वे’ असं झकास नाव देऊन निवडतात, आणि तिचा व अंतिम फेरीतल्या बाकीच्या मुलींचा चेहरा असा लोण्यात घडवतात. लिंडा क्रिस्टेन्सेन नावाच्या बाईंनी १९७२ पासून जवळजवळ पन्नास वर्षं हे काम केलं. आता त्यांच्या हातची सुरी गेरी कुल्झर यांच्याकडे आली आहे. डोकं पूर्ण झालं की मुलगी ते घरी नेते. काही जणी पुढे गावजेवण घालतात, मक्याच्या कणसांबरोबर स्वतःचं डोकं सगळ्यांना वाटतात. मला हे फार आवडलं. आपल्याकडे लोण्याचं एवढं कौतुक फक्त बाळकृष्णाच्या वाट्याला येतं.

शेतीच्या इमारतीत बियाण्यांची चित्रं होती. तिथे आम्ही पाऊण तास काढला, तोही रांगेत. मोहरीएवढ्या, राळ्याएवढ्या बिया एकेक करून डिंकाने चिकटवायच्या आणि चित्र करायचं. रंगकाम न करता नैसर्गिक रंगाच्याच बिया वापरलेल्यांचा गट वेगळा. १९६५ पासून ही स्पर्धा आहे. लिलियन कोल्टन नावाच्या बाईंनी बियांतून नामांकित लोकांचे चेहरे करून तिला नाव मिळवून दिलं. प्रत्येक चित्राखाली कुठल्या बिया वापरल्या त्याचा नमुना चिकटवलेला असतो, जवस, बाजरी, जंगली तांदूळ. आपल्या धान्याच्या रांगोळ्या आठवल्या, पण इथे विषय देवादिकांचे नाहीत. निम्मी चित्रं राजकारणाची थट्टा, उरलेली मांजरांची. त्याच इमारतीत गोठवलेल्या सफरचंदाच्या रसाची कांडी मिळते. शेजारीच मिनेसोटा विद्यापीठाचा शेतकी परिसर आहे. आपण दुकानात महाग म्हणून परत ठेवतो ते हनीक्रिस्प सफरचंद याच विद्यापीठाने १९९१ साली बाजारात आणलं.

वऱ्हाडीला इतिहासाचा नाद आहे. डॅन पॅच अॅव्हेन्यू या मुख्य रस्त्यावर तो थांबला. डॅन पॅच हा घोडा. हलक्या दोनचाकी गाडीला जुंपल्यावर एका अंगाचे दोन्ही पाय एकदम टाकत पळणारा. १९०६ साली याच जत्रेच्या मैदानात त्याने एक मिनिट पंचावन्न सेकंदांत मैल तोडला. बघायला हजारो लोक लोटले होते. घोड्याच्या नावाचा रस्ता! आमच्याकडे बैलगाडी शर्यतीवरची बंदी उठायला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली त्या रात्री आबांनी मला अमेरिकेत फोन करून उठवलं होतं. त्यांच्या उमेदीत त्यांच्या खोंडाने एका मैदानात नंबर काढला होता, त्याचं नाव एखाद्या बोळाला तरी दिलं असतं तर आबा धन्य झाले असते.

रुझवेल्टचंही ऐकलं. ‘मृदू बोला, पण हातात सोटा ठेवा’ हे थिओडोर रुझवेल्टचं प्रसिद्ध वाक्य याच जत्रेत २ सप्टेंबर १९०१ च्या भाषणात गाजलं. तेव्हा तो उपराष्ट्राध्यक्ष होता. बारा दिवसांनी राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली गोळीच्या जखमेने वारले आणि हा राष्ट्राध्यक्ष झाला. ‘बघ, सोटासुद्धा काडीच,’ मी म्हणालो. वऱ्हाडी हसला नाही. त्याला हा विनोद बारा वर्षांत बऱ्याच पाहुण्यांनी ऐकवला असावा.

ये ओल्ड मिल नावाचा एक प्रकार आहे, १९१५ पासूनचा. लाकडी होडीत बसायचं आणि अंधाऱ्या बोगद्यातून पाण्याबरोबर तरंगत जायचं. बस्स. प्रेमी जोडप्यांसाठी आहे हे आत गेल्यावर कळलं. पुढच्या होडीत एक पोरगा-पोरगी, मागच्या होडीत एक पोरगा-पोरगी, मध्ये आम्ही दोघं, गुडघ्याला गुडघा लावून सेमिस्टर पाचचे विषय आठवत. मग मोठ्या घसरगुंडीवरून गोणपाटावर बसून खाली आलो. गोणपाटाचा वास नाकात गेला आणि एकदम गूळ आठवला.

तिथून दुपारी तीनला, पाय दुखले म्हणून, आम्ही गुरांच्या गोठ्यात शिरलो. सावली होती, बाक होता. एवढंच कारण.

आत गेलो आणि मी गप्पच झालो. ओल्या पेंढ्याचा, शेणाचा, रवंथ केलेल्या वैरणीचा वास. बाहेर इतका वेळ साखर आणि तेल हुंगून आलेलो. मोठीच्या मोठी शेड, रांगेने दावणी, होल्स्टीन, जर्सी, ब्राउन स्विस. बहुतेक जनावरं पोरांची. फोर-एच म्हणून चळवळ आहे, हेड, हार्ट, हँड्स, हेल्थ असे चार एच, हिरव्या चौपानी क्लोव्हरचं चिन्ह. खेड्यातली पोरं वर्षभर एक जनावर सांभाळतात आणि जिल्ह्यात निवड झाली की इथे घेऊन येतात. एक पोरगा गाईच्या पोटाला डोकं टेकवून पेंढ्यात झोपला होता. एक जण गाईला शाम्पू लावत होता. एक मुलगी चक्क ड्रायरने केस वाळवत होती, गाईचे, स्वतःचे नव्हे. पाठीची वरची कड अशी सरळ दिसावी म्हणून केस उभे करून कातरतात. आमच्याकडे बाजाराच्या आदल्या दिवशी शिंगं साळतात, हिंगूळ लावतात, गोंडे बांधतात. काम तेच.

चौदा-पंधरा वर्षांची एक पोरगी तिच्या होल्स्टीनच्या कासेखालचं शेण उचलत होती. विचारलं, किती देते? ‘दिवसाला पंच्याऐंशी पौंड.’ मनात हिशोब केला. अडतीस किलो. एका गाईचं! आमच्या गावच्या डेअरीत सकाळी अडतीस लिटर घालणारं घर असलं तर त्याला चेअरमन करतात.

मला ती गाय आबांना दाखवायची होती. पण गावाकडे रात्रीचे दीड वाजले होते.

‘उद्या परत येऊ,’ मी म्हणालो.

‘दहा वर्षं बोलावलं तर आला नाही, आता दोन दोन दिवस?’ वऱ्हाडी म्हणाला. पण त्याचा चेहरा बघून मला कळलं की त्यालाही यायचंच आहे. उद्या रविवार होता आणि त्याला प्रॉन्टो पप खायचं होतं.

परतताना दुधाच्या ठेल्यावर थांबलो. ठरावीक पैसे द्या आणि हवं तितकं दूध प्या, पांढरं किंवा चॉकलेटचं. वऱ्हाडीने सहा पेले प्यायले. बसमध्ये तो कसा बसला होता ते लिहीत नाही.

तिसरा दिवस, रविवार

नऊच्या सुमारास गोठ्यात. गावाकडे साडेसात, म्हणजे धारा काढून आबा ओट्यावर बसलेले असणार. व्हिडिओ कॉल लावला. पोरगी ओळखून हसली. मी मधे दुभाषी.

‘कितव्या वेताची हाय?’ आबांचा पहिला प्रश्न. दुसऱ्या वेताची.

‘किती देती?’ अडतीस किलो म्हटल्यावर आबा काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तिला खाया काय घालत्यात ते विचार.’ मक्याचा मुरघास, अल्फाल्फा, सोयाबीनची पेंड. म्हणजे आपला लसूणघास, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. कॅमेरा कासेकडे न्यायला लावला, सड मोजले, पाठ बघितली, पाय बघितले. मग एकदम, ‘आरं, शिंगं कुठं गेली तिची?’

पोरीला विचारलं. लहानपणीच कोंब जाळून टाकतात, म्हणाली, एकमेकांना आणि माणसांना लागू नयेत म्हणून. मी मराठीत सांगितलं. आबांनी कपाळावर हात मारला. ज्या माणसाने आयुष्यभर खोंड घेताना आधी शिंगांची ठेवण बघितली, त्याला बिनशिंगाचं जनावर म्हणजे टकलं. ‘दूध लई देती,’ शेवटी म्हणाले, ‘पण बघायला बरं वाटंना.’ पोरीने विचारलं, ते काय म्हणाले? मी सांगितलं, त्यांना तुझी गाय फार आवडली. वऱ्हाडी माझ्याकडे बघून खोकला.

शेजारच्या इमारतीत जनावरं व्यालेली बघायला मिळतात. मिरॅकल ऑफ बर्थ सेंटर. मेंढ्या, शेळ्या, डुकरिणी, गाई, दिवस भरत आलेली जनावरं आणून ठेवतात, पशुवैद्य हजर असतात. शहरातली माणसं पोरांना खांद्यावर घेऊन तासन्‌तास उभी. आम्ही पोहोचलो तेव्हा एका गाईला कळा सुरू होत्या. फोन चालूच होता. आबांना गोठ्यातून गर्दीत, गर्दीतून माणसांच्या डोक्यांवर धरत पुढे नेलं. वासराचे पुढचे दोन खूर बाहेर आले होते. एक तरुण डॉक्टरीण दोरी बांधत होती.

‘वढू नका म्हण तिला! कळ आली की मंगच वढायचं!’ आबा फोनमधून ओरडले. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. डॉक्टरणीने कळ येईपर्यंत थांबून मगच ओढलं. तिला मराठी कळलं नव्हतं, पण आबांना वाटलं आपलंच ऐकलं.

वासरू सळकन पेंढ्यावर आलं. क्षणभर हललं नाही. दोनशे माणसं, कुणाच्या हातातली काडी तोंडाकडे जाईना. मग त्याने कान झटकला आणि टाळ्या पडल्या. माझ्यापुढच्या बाई रडत होत्या. मला आमच्या गोठ्यातला कंदील आठवला, दाराशी आई गरम पाण्याची घागर घेऊन, आणि आबा कोपरापर्यंत हात घालून. तेव्हा टाळ्या कुणी वाजवायचं नाही, उलट दृष्ट लागेल म्हणून गुपचूप राहायचं. कालवड आहे का खोंड, एवढं शेजारच्याने कुंपणावरून विचारायचं.

‘चीक पाजा म्हणावं लगीच,’ आबा म्हणाले, आणि चार्जिंग संपून फोन बंद पडला.

वऱ्हाडीने प्रॉन्टो पप दोन खाल्ले. माझ्या मते तीन, पण वहिनींना दोन सांगायचं ठरलं.

बाराला निघालो. वहिनींनी बरोबर ठेच्याची बरणी दिली. परत मका आणि सोयाबीन. या वेळी मात्र प्रत्येक लाल गोठ्यापाशी मान वळत होती. संध्याकाळी सातला, घर अर्ध्या तासावर राहिलं असताना फोन वाजला. आबा. गावाकडे पहाटेचे साडेपाच.

‘झोप लागली न्हाई नीट,’ म्हणाले. ‘त्या गाईची वार पडली का रं?’

मी म्हटलं, माहीत नाही, आम्ही निघालो तोवर पडली नव्हती.

‘मग विचार की कुणालातरी.’

वऱ्हाडीला फोन लावला. त्याने आधी तिकडे किती वाजलेत, आबांची तब्येत कशी आहे, ते सगळं विचारून घेतलं. मग म्हणाला, ‘मले काय माहीत बे.’ आणि थोडं थांबून, ‘उद्या सकाळी कामावर जायच्या आधी चक्कर मारून पाहतो.’